एकावन्नावं जोडपं

रकाना १ : तक्रार काय आहे

पाकिटात दोनच गोष्टी निघाल्या. टाइप केलेला एक कागद आणि एक रंगीत फोटो. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, तिकीट मात्र अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून चिकटवलेलं होतं.

कचेरीत निराधार अनुदानाच्या टेबलावर आकारामला नऊ वर्षं झाली होती. निनावी अर्ज आठवड्याला दोन-तीन यायचेच. अमक्या म्हातारीला तीन कमावते मुलगे आहेत. तमका आंधळा सायकल आली की बरोबर बाजूला होतो. असले कागद तो एकदा वाचायचा आणि चौकशीच्या गठ्ठ्यात टाकायचा. हा कागद त्यानं दोनदा वाचला. का वाचला, ते त्याला सांगता आलं नसतं.

"मा. साहेब, उत्तरेश्वर पेठेत राहणारी दानेश्वरी ही दोन्ही पायांनी अपंग असून अविवाहित निराधार म्हणून दरमहा अनुदान घेते. वास्तविक तिचे लग्न दहा वर्षांपूर्वी, सन १९९३ च्या वैशाखात, नवलिंग मठाच्या सामुदायिक विवाहात झाले आहे. सोबत फोटो. नवऱ्याचे नाव माहीत नाही. तरी सरकारने कसून चौकशी करून सदर इसम कोठे राहतो, काय काम करतो, हयात आहे किंवा कसे, असल्यास त्याची प्रकृती कशी आहे, याचा शोध लावावा. आपला, एक नागरिक."

साहेबांनी कागद वरवर चाळला. "आठ दिवसांत अहवाल द्या. लग्न खरं असेल तर ती निराधार कसली? अनुदान बंद, आणि दहा वर्षांत उचललं ते वसूल."

नियम आकारामला पाठ होता. नवरा आला की आधार आला. आधार आला की निराधार हा शब्द गेला, आणि शब्द गेला की मनीऑर्डर गेली. तो नवरा खायला घालतो की नाही, हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

त्यानं फोटो उजेडात धरला. मांडवात जोडप्यांच्या रांगा. पुढच्या रांगेच्या टोकाला एक मुलगी पाटावर बसलेली, पाय साडीखाली एका बाजूला दुमडलेले. शेजारी नवरा. त्याचं तोंड बाशिंगाच्या फुलांच्या माळांआड पूर्ण झाकलेलं. तिच्या मानेमागं मंगळसूत्र बांधणारे दोन हात. फोटोच्या चारी कडांना बारीक भोकांची ओळ होती. कसर लागली असेल, असं आकारामला वाटलं.

फॉर्मवर 'पतीचे नाव' असा रकाना होता. तो कोरा सोडून त्यानं सायकल काढली.


रकाना २ : लाभार्थीचे म्हणणे

भावाच्या घराला लागून एक खोली, तिला रस्त्याकडं वेगळं दार. आत स्टोव्ह, दोन पातेली, खाली अंथरलेली जुन्या साड्यांची शिवलेली वाकळ, आणि जमिनीवर ठेवलेलं हातानं फिरवायचं शिलाई मशीन. पायानं चालवायचं मशीन दानेश्वरीच्या कामाचं नव्हतं. ती साड्यांना फॉल लावायची, काजं करायची. पस्तिशीच्या आसपासची असावी.

"या भाऊसाहेब. खुर्ची न्हाय, डब्यावर बसा."

"अक्का, लग्न झालंय का तुमचं?"

"कचेरीत काय लिवलंय?"

"अविवाहित."

"मग तसंच असंल की."

आकारामनं फोटो पुढं केला. तिनं पदराला हात पुसले आणि मग फोटो घेतला. बराच वेळ बघितला.

"ही मीच."

"आणि हा?"

"नाव ठाव न्हाय." तिनं फोटो परत दिला. "भाऊसाहेब, मठात त्या साली एकावन्न लग्नं लावायची हुती. भांड्यांचे एकावन्न संच मांडलेले, पत्रकं वाटलेली. मला आठ दिवस आधी नेलतं, नवऱ्या मुलींच्या साड्यांना फॉल लावायला. आन ऐनवेळी एका नवऱ्याच्या घरी सुतक पडलं. पन्नासच ऱ्हायली. आकडा शून्यावर थांबायचा न्हाय म्हणाले, पन्नासावर एक पायजेच. मग मला उचलून नेली आणि पाटावर बसवली."

"म्हणजे आकडा भरायला?"

"आकडा भरायला."

"मंगळसूत्र?"

"दिवस मावळायच्या आत ताटात काढून घेतलं. साडी तेवढी दिली."

"हा फोटो तुमच्याकडं होता?"

"मला कुठला मिळतोय फोटो."

आकारामनं लिहून घेतलं. मग पेन थांबवून त्यानं सरळ सांगितलं, "अक्का, हा माणूस सापडला आणि 'व्हय, माझी बायको' म्हणाला, तर तुमचं अनुदान गेलं. वसुली लागली तर मशीनही जाईल. तो सापडलाच नाही, तर फोटो खरा आणि तुमचा शब्द एकटा. त्यानं लेखी 'नाही' म्हटलं, तरच तुम्ही सुटता."

"त्या पैशावर माझी चूल येगळी हाय," ती म्हणाली. "न्हायतर वयनीच्या हातचं मागून खायाचं." तिनं मशीनचं चाक थोडं फिरवलं, सुई खाली-वर झाली. "म्हंजे त्येंना शोधल्याबिगर तुमचं भागत न्हाय."

"नाही."

"मग शोधाच की."

बाहेर पडल्यावर आकारामला जाणवलं, की चौकशी लागलेली बाई रडते, नाहीतर शिव्या देते. हिनं दोन्ही केलं नव्हतं.


रकाना ३ : नातेवाईक

दानेश्वरीची भावजय शांभवी पुढच्या सोप्यात शेंगा निवडत होती. फोटो बघून तिच्या हातातल्या शेंगा सुपात परत पडल्या.

"अगं बया. ही नवरी झालती?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"फॉल लावायला जाती म्हणून गेलती. आठ दिवसांनी आली ती मुकीच. मला वाटलं, दगदग झाली." तिनं फोटो नाकाजवळ नेला. "लग्न झालेल्या नणंदेला माहेरची खोली कशापाय? भाड्यानं दिली तर पोरांची फी निघंल."

"म्हणजे हा अर्ज तुमचा."

शांभवीनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "पावणं, हा फोटो मला आदी घावला असता, तर मी बिननावाचं कशाला लिवू? खाली सही ठोकली असती, आणि कचेरीत येऊन पोच घेतली असती."

आकारामला ते पटलं. ही बाई लपून काही करणारी नव्हती.

अर्जाचं टायपिंग मात्र त्याच्या ओळखीचं होतं. कचेरीच्या फाटकाबाहेर छत्रीखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या बाळासोच्या मशीनमधून एकेक अक्षर अर्धं वर उडायचं.

"माझंच हाय," बाळासो म्हणाला. "पर मी तोंड बगितलं न्हाय. रिक्षा थांबली त्या झाडाखाली. रिक्षावाल्यानं कागद आणून दिला, मी टाइप केलं, त्यो परत घेऊन गेला. आत कोण हुतं त्ये खाली उतरलंच न्हाय."

"बाई की बाप्या?"

"पडदा सोडलेला हुता. रिक्षानं कचेरीपातूर यायचं आणि दहा पावलं चालायचं न्हाय. असली श्रीमंती हाय बगा."

तोंड लपवणारा, पैसेवाला, आणि मठाचा जुना फोटो जवळ असलेला. आकारामच्या डोळ्यांपुढं एकच माणूस आला, मठाचा कारभारी, आणि त्याला त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.


रकाना ४ : संस्थेचे दप्तर

नवलिंग मठाचे कारभारी रुद्रय्या गंधाची बोटं पुसत बाहेर आले. अंगरखा पांढराशुभ्र, बोलणं मोजकं. १९९३ च्या विवाहांचं रजिस्टर त्यांनी कुरकुर न करता काढून दिलं. एकेका जोडप्याला एकेक पान. वर नाव, वधू नाव, पत्ते, अंगठे.

आकारामनं पानं उलटली. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नास.

पुढच्या पानाच्या जागी शिलाईत अडकलेली फाटकी कड होती.

"कुणी फाडलं?"

"मी." रुद्रय्यांनी मान वळवली नाही. "ते लग्न नव्हतं. पत्रकावर एकावन्न छापलं होतं, देणगीदार समोर बसले होते. दोघं रिकामी दिसली, बसवली."

"दोघं रिकामी?"

"एक पांगळी, एक थोटा. त्यांचं लग्न म्हणून कोण धरणार होतं?"

वाक्य तोंडातून गेलं, आणि आपण काय सांगून बसलो ते रुद्रय्यांच्या ध्यानात आलं. आकारामनं मात्र त्या क्षणी दुसरंच विचारलं, कारण त्याच्या डोक्यात अर्जदार घोळत होता.

"मग पान ठेवायचं होतं. फाडलं कशाला?"

"तो तीनदा आला. मुलीचं नाव सांगा, गाव सांगा. ती पण कार्डं टाकायची. आठ-चार दिवसांचं काम केलेली माणसं, त्यांना वाटलं खरंच काही झालं. म्हटलं, मुळावरच घाव घालावा. आमच्या अल्बममधला फोटोही मी स्वतः जाळला."

"आणखी किती फोटो होते?"

"जोडप्यामागं दोन. एक नवरीच्या पत्त्यावर, एक नवऱ्याच्या. फोटोवाल्यानं यादी बघून सगळ्यांना पाकिटं धाडली, ह्यांनाही गेली. मला विचारलं असतं तर पाठवू दिलं नसतं."

"नवऱ्याचं नाव?"

"आठवत नाही," रुद्रय्या म्हणाले, आणि आठवायचा प्रयत्नही न करता आत गेले.

अल्बमचा फोटो जळाला. उरले दोन, आणि त्यांतला एक आकारामच्या पिशवीत होता. तो पाठवणारा मठाचा कुणी पैसेवाला नव्हता, नवरा-नवरी ह्या दोघांपैकीच कुणीतरी होता. दानेश्वरीला फोटो मिळालाच नव्हता, असं ती म्हणाली होती.

मग हा फोटो नवऱ्याचा.

दहा वर्षांनी बायकोचं अनुदान बंद करायला नवरा कशाला उठेल?


रकाना ५ : पुराव्याची तपासणी

(या रकान्यात काही लिहिलेलं नाही. रविवार होता.)

रविवारी आकाराम खानावळीतून जेवून आला की घरात बसून राहायचा. बायको तानाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. रेशनकार्डावर तिचं नाव तसंच होतं. लोकांची नावं कमी करणं हे त्याचं रोजचं काम, पण ह्या एका कार्डाला त्यानं हात लावला नव्हता. तिच्या वाटणीची साखर तो उचलत नसे. नाव तेवढं असायचं.

दुपारच्या उन्हात त्यानं खिडकीशी फोटो धरला आणि शिक्के तपासायचं भिंग काढलं. रुद्रय्याचा 'थोटा' हा शब्द त्याला आता कुठं टोचला.

थोटा माणूस मंगळसूत्र कसं बांधेल?

मानेमागं हात तर दोन दिसत होते. डावा हात रापलेला, मनगटाला काळा दोरा. भिंग सरकत दुसऱ्या हातावर गेलं. त्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, आणि कोपराच्या अलीकडं गोंदलेलं तुळशीवृंदावन.

दुसरा हात बाईचा होता.


रकाना ६ : साक्षीदार

गोंदणाचा हात मठाच्या भटारखान्यात सापडला. अंबूबाई आता सत्तरीची, पण अजून भाकरी थापत होती. आकारामनं फोटो दाखवला तशी ती पिठाच्या हातानंच कपाळ बडवायला लागली आणि मध्येच हसली.

"मी मेली कुठं मधी आली बगा."

"तुम्ही दोरा धरला?"

"मग काय करणार? स्वामी म्हणत्यात बांधा, वाजंत्री वाजालंय, आणि हे पोरगं एका हातानं नुसतं चाचपतंय. उजवा हात कोपरापातनं न्हवताच. गुऱ्हाळाच्या चरकात गेलता म्हणं. मी म्हटलं, थांब बाबा, एक टोक माझ्याकडं दे. त्यानं गाठीचा फास केला, मी वडून धरलं."

"तो कुठला होता?"

"शिरोळकडचा. नाव काय मी इच्चारलं न्हाय. चपला राखायला आलता, जेवणावर." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "साहेब, एक सांगू? बाकीच्या पन्नास जोड्या येकमेकाकडं बगत नव्हत्या. लाजंत हुत्या. ही दोघं तासभर बोलत हुती. खाली मान घालून, पर बोलत हुती."

"काय बोलत होती?"

"त्यांचं त्येंना ठावं. मी दोरा धरायला गेलते, कान द्यायला न्हाय."

शिरोळला अपंगांची यादी बघायला आकारामला अर्धा तास लागला. उजवा हात, कोपरापासून. अशी तीन नावं. एक वारलेला, एक साठीचा. तिसऱ्यापुढं लिहिलं होतं, 'अविवाहित, निराधार, अनुदान चालू'.

ह्या माणसानं तोंड उघडलं असतं, तर त्याचंही अनुदान गेलं असतं. मग त्यानं अर्ज कसा करावा?


रकाना ७ : पतीचे नाव

(अ) जे लिहिलं

माझे नाव अमरेश. वय चाळीस. राहणार शिरोळ, कृष्णाकाठच्या पाणी उपसायच्या मोटारीची खोली. राखण करतो, जेवण मिळते, पगार नाही. अनुदान मिळते. मला फोटो दाखवण्यात आला. फोटोतील महिलेस मी ओळखत नाही. माझे लग्न झालेले नाही. माझे लग्न झाले असे कोणी म्हणत असल्यास ते खोटे आहे. जबाब वाचून दाखवला, बरोबर आहे.

सही डाव्या हाताची.

(ब) जे लिहिलं नाही

मोटारीचा आवाज खोलीत भरून होता. चौफेर उसाखेरीज काही दिसत नव्हतं. जबाबाआधी अमरेशनं फोटो फक्त एकदा बघितला होता आणि विचारलं होतं, "पावणं, मी 'व्हय' म्हटलं तर काय हुतंय?"

"तुमचं अनुदान बंद."

"माझं ऱ्हाऊ द्या. त्येंचं?"

"त्यांचंही. वर वसुली."

"मग लिवा. ओळखत न्हाय."

सही झाली. आकारामनं कागद घडी केला, तसा अमरेश म्हणाला, "आता त्ये पेन खिशात घाला."

आकारामनं पेन खिशाला लावलं.

"त्या अजून एकट्याच हाईत?"

"एकट्याच."

"नाव काय त्येंचं?"

"दानेश्वरी."

अमरेश उठला, मोटारीचं बटण दाबलं. आवाज थांबला आणि नदीवरचं वारं आत आलं. "मठात तीनदा गेलतो. चौथ्या खेपंला कारभाऱ्यानं कुत्रं सोडलं." तो परत बसला. "त्या दिवशी आमी पाटावर बसलो न्हवं, तवा त्येंनी हळूच इच्चारलं, दुखतंय का? मी म्हटलं, काय? तर म्हणाल्या, त्यो हात. जो न्हाई त्यो. पावणं, दवाखान्यात सुदिक मला कुणी त्ये इच्चारलं न्हवतं. मी म्हटलं, थंडीत लई दुखतोय."

त्यानं ट्रंक ओढली. कपड्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पाकीट होतं. पाकिटात फोटो. तोच मांडव, तेच बाशिंग, तेच दोन हात. कडा कोऱ्या करकरीत.

आकाराम त्या फोटोकडं बघत राहिला.

अल्बमचा फोटो जळाला. नवऱ्याचा फोटो नवऱ्याकडंच होता.

"एकदा येऊ का, म्हणून इच्चाराल त्येंना?" अमरेश म्हणत होता. "पावणं? ऐकताय न्हवं?"


रकाना ८ : अर्जदाराचा शोध

आठवा दिवस. दानेश्वरीच्या खोलीत आकाराम डब्यावर बसला आणि त्यानं तिच्यापुढं पाकिटातून आलेला फोटो ठेवला, त्यावर टाइप केलेला अर्ज.

"अक्का, फोटो तीनच होते. एक रुद्रय्यांनी जाळला. एक परवा मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो, जिथं असायला पाहिजे तिथं. तिसरा हा."

ती एका पोलक्याचं काज करत होती, करत राहिली.

"कडांची भोकं मला कसर वाटली. कसर अशी सरळ रेषेत चालत नाही. ही सुई आहे. फोटो कशात तरी शिवून ठेवला होता."

"वाकळंत," ती म्हणाली. "वयनीला घावू ने म्हणून. दहा वर्सं त्याच वाकळंवर झोपती मी."

"टायपिस्ट म्हणाला, रिक्षातलं माणूस उतरलं नाही. आम्ही समजलो तोरा आहे. उतरता येत नसेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही." आकारामनं अर्जावर बोट ठेवलं. "आणि सगळ्यात मोठी गोष्ट ह्या कागदात पहिल्या दिवसापासून होती. माझ्याकडं शेकड्यानं निनावी अर्ज आलेत. प्रत्येकाच्या शेवटी एकच मागणी असते, अनुदान बंद करा. ह्यात ती नाहीच. ह्यात मागणी काय आहे? तो कुठं आहे, जिवंत आहे का, प्रकृती कशी आहे. वाईट चिंतणारा माणूस प्रकृती विचारत नाही."

तिनं दोरा दातानं तोडला.

"एवढा धोका कशाला पत्करलात? चूल जाणार होती तुमची."

"मठाला नऊ कार्डं घातली, भाऊसाहेब. भावाला सांगायची सोय न्हाय. मी कुठं हिंडून शोधू? आन माझ्यासारखीच्या सांगण्यावरनं एक मानूस शोधायला कोण जाईल?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "पर सरकारचं पैसं वाचणार असत्याल, तर सरकार पाताळातनं मानूस हुडकून आणतंय. म्हटलं, आपल्यावरच अर्ज करावा. म्हंजे उत्तर येईल."

"निनावी अर्जाला उत्तर जात नसतं, अक्का. पाठवायचं कुणाला?"

हे तिला ठाऊक नव्हतं. ती थोडी हसली, चूक पकडली गेलेल्या माणसासारखी. मग हसू गेलं. "म्हंजे खाली नाव पायजे."

"नाव घातलं तर लग्न कबूल. मग उत्तर येईल, मनीऑर्डर येणार नाही."

बाहेर शांभवी कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, की कचेरीचा माणूस पुन्हा आलाय. दानेश्वरीनं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"सापडलेत न्हवं?"

आकारामनं जबाब उघडून वाचला. शिरोळ, मोटारीची खोली, राखण. 'फोटोतील महिलेस मी ओळखत नाही' ह्या वाक्याला तिचा हात पोलक्यावर थांबला. त्यानं कागद घडी केला, पेन खिशाला लावलं, आणि दुसरा जबाब तोंडानं सांगितला. तीन हेलपाटे. कुत्रं. ट्रंकेतला फोटो. 'माझं ऱ्हाऊ द्या, त्येंचं?' हे त्यानं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं की नाही, कळेना.

"नाव अमरेश," तो म्हणाला.

ती मान हलवत राहिली.

"हात अजून दुखतोय का त्येंचा?"

"ते विचारायचं राहिलं माझं."

"थंडीतच दुखतंय. आता मार्गशीर्ष लागंल."

"अक्का, त्यांनी विचारलंय. एकदा येऊ का म्हणून."

मशीनच्या चाकावर तिनं हात ठेवला. चाक अर्धं पुढं गेलं, अर्धं मागं आलं. शांभवीचा आवाज आता दाराच्या अगदी जवळून येत होता. गल्लीत कुणाकडं कोण आलं, किती वेळ बसलं, हे सांगायला इथं कचेरी लागत नव्हती.

"नको म्हणावं. एक डाव आले की दुसरा डाव येतील. मग तुमच्या टेबलावर अर्ज येईल, आणि त्यो काय बिननावाचा असायचा न्हाय. दोघांच्याबी चुली इझतील." ती थांबली. "हात शेकत जा म्हणावं. एरंडाचं पान बांधून. एवढं सांगाल?"

"सांगेन. शिरोळला मला पुन्हा जायचंय," आकाराम म्हणाला. तसं काही काम त्याला तिकडं नव्हतं.

"आता माझा जबाब घ्या."

त्यानं कोरा कागद काढला. "सदर इसमास ओळखता काय?"

"त्येंनी काय लिवलंय, तसंच्या तसं लिवा. शब्द बदलू नका."

त्यानं अमरेशचा कागद समोर ठेवून लिहिलं. फोटोतील इसमास मी ओळखत नाही. माझे लग्न झालेले नाही. माझे लग्न झाले असे कोणी म्हणत असल्यास ते खोटे आहे. तिनं ते स्वतः वाचलं, अमरेशच्या कागदाशी ओळ न् ओळ लावून बघितलं, आणि सही केली. अमरेशच्या सहीवर मात्र तिनं अंगठा ठेवला आणि तो लवकर उचलला नाही.

आकारामनं अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. अनुदान चालू ठेवावे.' 'पतीचे नाव' ह्या रकान्यात त्यानं आडवी रेघ मारली. फोटो अर्जाला जोडायला हवा होता. त्यानं तो उचलला, आणि वाकळेच्या घडीखाली सरकवून दिला.

"फोटो गहाळ, असं लिहितो."

तो उठला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊसाहेब, ह्ये दोन्ही कागद एकाच फायलीत ऱ्हातील न्हवं?"

"एकाच. एकाखाली एक."

"किती दिवस?"

"आमच्या दप्तरात तीस वर्षं तरी राहतील."

तिनं मशीनमध्ये पुढचं पोलकं सरकवलं.

"बास झाली की," ती म्हणाली.